आते-उमा आणि आमची समिती

घोडीची मर्जी असल्याशिवाय घोड्याचं काही चालत नाही, हा सृष्टीचा नियम आहे. मनुष्यप्राण्याने ही गैरसोय फार पूर्वीच दूर केली, आणि त्यासाठी उभारलेल्या यंत्रणेला आपण 'स्थळं बघणं' म्हणतो. ही यंत्रणा परदेशी गेल्यावर गंजू नये म्हणून काही निःस्वार्थी माणसं सुट्टीच्या दिवशी झोप मोडून काम करतात. मी त्यांपैकी एक. कांतो परिसर मराठी विवाह सहयोग समितीचा मी चिटणीस आहे. (पोटापाण्यासाठी एका बँकेच्या तोक्यो शाखेतही जातो.)

समितीच्या सभा तोक्योतल्या निशी-कसाईला, एका वाणसामानाच्या दुकानाच्या वरच्या खोलीत भरतात. खाली हिंगाचे डबे, वर आम्ही. समितीने आजवर बरीच लग्नं जुळवली. त्यांतली किती टिकली याची नोंद ठेवण्याची आमच्या घटनेत तरतूद नाही, त्यामुळे यशाचं प्रमाण शंभर टक्के आहे.

मागच्या वसंतात विजयकुमारराव आणि सुनीताताई हे मुंबईचं जोडपं समितीकडे आलं. त्यांची मुलगी विभा सेंदाईच्या विद्यापीठात संशोधक. वय बत्तीस. (घरच्या पत्रिकेत तीस.) तिचा विषय घोड्यांचं प्रजनन, त्यातही ओढकामाच्या अवजड घोड्यांचं. दर वर्षी पैदाशीच्या मोसमात ती होक्काइदोला, तोकाचीच्या पठारावरच्या एका पागेत मुक्काम ठोकून असते. आईवडिलांनी ही गोष्ट नातेवाइकांना 'मेडिकल लाइनमध्ये आहे' अशा सुटसुटीत शब्दांत सांगितली होती.

"मुलीला लग्न करायचंय की नाही, तेच आम्हाला कळत नाही हो," विजयकुमारराव म्हणाले. "दोन वर्षं झाली, कुठल्याच मुलाला भेटायला तयार नाही."

"तुम्ही तिला विचारलंत का?" माझी पत्नी राधिका म्हणाली. ती समितीची सदस्य नाही. चहा द्यायला आली होती.

सुनीताताईंनी पदर सावरला. "अहो, असं थेट कसं विचारणार? आपलीच मुलगी आहे."

हा मुद्दा सर्वांना पटला. मग विजयकुमाररावांनी खुर्ची पुढे ओढून खरी अडचण सांगितली. सिॲटलला सत्यजित नावाचा एक मुलगा होता. ग्रीन कार्ड, उंची सहा फूट, केस स्वतःचे. असलं स्थळ आयुष्यात एकदाच येतं. पण त्याला सुट्टी मोजकी, आणि तो एकदा जपानला आला आणि विभाने तोंड फिरवलं, तर स्थळ कायमचं गेलं. तेव्हा त्याला बोलवण्याआधी मुलीचा कल तपासायला हवा. एखादा बरा मुलगा तिच्यासमोर उभा करायचा. ती हसली, बोलली, तर समजायचं की मन तयार आहे. मग त्याला बाजूला करून सत्यजितला बोलवायचं.

"म्हणजे मुलगा असा हवा," मी मुद्दा नीट मांडला, "जो मुलीला चालेल, पण आपल्याला चालणार नाही."

"अगदी बरोबर बोललात, गुणवंतराव," विजयकुमारराव म्हणाले. माझ्या चिटणीसपदाच्या कारकिर्दीत माझं इतकं मनापासून कौतुक कोणी केलं नव्हतं.

असा मुलगा आमच्याकडे होता. अंबरीष. कावासाकीला एका कंपनीत भाताच्या कुकरचं सॉफ्टवेअर लिहितो. तांदूळ जुना आहे की नवा हे कुकरला कळावं, अशा कामात त्याची ऐन उमेदीची वर्षं गेली. वय चौतीस, केस माफक, वडिलांचा फ्लॅट चिंचवडला, तोही एकाच बेडरूमचा. स्वभाव इतका चांगला की कावासाकीत उतरणारं प्रत्येक मराठी कुटुंब पहिले काही आठवडे त्याच्याच आधारावर जगतं. वॉर्ड ऑफिसला तोच नेणार, कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा ते तोच शिकवणार, कोणाच्या मुलाला ताप आला तर दवाखान्यात दुभाष्या तोच. समितीने एकदा पाहणी केली होती. त्यात सर्वच्या सर्व कुटुंबांनी 'असा जावई मिळायला भाग्य लागतं' असं सांगितलं, आणि ज्यांच्या घरी लग्नाची मुलगी होती त्यांनी ते भाग्य इतरांना देऊ केलं.

मी त्याला फोन केला. सत्यजितचा विषय काढला नाही, कारण समितीच्या कामकाजात गोपनीयतेला फार महत्त्व आहे. त्याच्या आईलाही चिंचवडला फोन केला. माउली फोनवरच रडू लागली. मला फार समाधान वाटलं.

विभा मोसमात पागा सोडून येणार नव्हती, तेव्हा मे महिन्याच्या सुट्ट्यांत सर्वांनी तोकाचीला जायचं ठरलं. विभाला सांगितलं की आईबाबा घोडे बघायला येताहेत आणि ओळखीचे काही लोक बरोबर आहेत. मी समितीतर्फे निरीक्षक होतो. राधिका म्हणाली की तीही येणार, कारण तिलाही निरीक्षण करायचं आहे. कशाचं, ते तिने सांगितलं नाही.

अंबरीष विमानतळावर नवं जॅकेट घालून आला होता. कावासाकी स्टेशनजवळ केसही कापून घेतले होते, म्हणजे जे होते ते. विमानात तो घोड्यांवरचं एक जपानी पुस्तक वाचत होता आणि मधूनमधून पेन्सिलीने खुणा करत होता. "उगाच अडाणीपणा नको दिसायला," तो मला म्हणाला. राधिकेने खिडकीकडे तोंड वळवलं.

तोकाचीत मे महिन्यात चेरी फुलते आणि तरीही कानटोपी लागते. पागा सपाट शेतांच्या मध्यभागी होती. मालकीण किताहारा-सान, वय साठीच्या पुढे, गालावर एका घोड्याने दिलेली जुनी खूण. तिथले घोडे पाहिल्यावर मला प्रथमच कळलं की आपण लग्नाच्या वरातीत ज्याला घोडा म्हणतो तो एक मोठा बोकड असतो. इथल्या घोड्याचं वजन एक टन. खुरावर केसांचे झुबके, मान एखाद्या वडासारखी. यांचे पूर्वज फ्रान्स-बेल्जियमकडून शेत नांगरायला आले. ट्रॅक्टर आल्यावर नांगर सुटला, तेव्हा जपानी माणसाने त्यांच्यासाठी लोखंडी घसरगाडी ओढण्याच्या शर्यती काढल्या. जे जिंकतात ते पुढे पैदाशीला ठेवतात. जे जिंकत नाहीत त्यांचे पातळ काप करून किसलेल्या आल्याबरोबर ताटात वाढतात. (आमच्या समितीकडे नापास उमेदवारांसाठी अशी कोणतीही सोय नाही. ते पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करतात.)

पैदाशीच्या घोड्याचं नाव कुरोइवा. काळा, चकाकणारा, स्वतंत्र पागा, स्वतंत्र कुरण, शर्यतीतल्या विजयाचे फोटो दारावर. त्याच्या बापाची, आजाची, पणजाची नावं किताहारा-सान न अडखळता सांगत होत्या. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

विभा समोर आली ती रबरी बुटांत, आणि हातात खांद्यापर्यंत येणारा प्लास्टिकचा मोजा. त्या मोज्याचा उपयोग काय हे सुनीताताईंनी विचारलं आणि ताबडतोब पश्चात्ताप केला.

"अगं, पाहुणे येणार हे माहीत होतं ना? एखादा कुर्ता तरी घालायचास."

"आई, घोडीला कुर्ता कळत नाही," विभा म्हणाली. मग अंबरीषकडे वळून, "नमस्कार. तुम्ही आज योग्य दिवशी आलात. एक घोडी माजावर आलीय असं वाटतंय. बघायचंय?"

"हो," अंबरीष म्हणाला. "म्हणजे, चालत असेल तर."

अंगणात छातीएवढ्या उंचीची, गादी ठोकलेली एक जाड फळी उभी होती. एका बाजूला घोडी आणली. दुसऱ्या बाजूने कुरोइवा येईल म्हणून आम्ही कॅमेरे सरसावले, तर आला एक बुटका, तपकिरी, पोट सुटलेला घोडा. त्याची आयाळ मात्र कोणीतरी छान विंचरली होती.

"हा गोन्ता," विभा म्हणाली. "हा आते-उमा."

"कोणाची आत्या?" सुनीताताईंनी विचारलं. "आणि उमा कशी? घोडा आहे ना तो?"

"आई, जपानीत उमा म्हणजे घोडा. आते-उमा म्हणजे..." विभा शब्द शोधत थांबली. "चाचणीचा घोडा. कुरोइवा फार महागाचा आहे. घोडीची मर्जी नसेल तर ती लाथ मारते, आणि ती लाथ कुरोइवाला बसली तर मोसम गेला. म्हणून आधी याला आणतात. घोडी कान पाडून लाथा झाडायला लागली, तर आज नको. पण शांत उभी राहिली, जवळ आली, शेपूट उचलली, तर ती तयार आहे असं समजायचं. मग याला नेतात आणि कुरोइवाला आणतात."

गोन्ताने फळीवरून मान पुढे केली आणि घशातून एक हळू, आर्जवी आवाज काढला. घोडीने त्याच्याकडे पाहिलं. मग तीही एक पाऊल पुढे आली आणि दोघांची नाकं एकमेकांना लागली. किताहारा-साननी मान डोलावली. दोन माणसांनी गोन्ताचा लगाम धरून त्याला मागे ओढायला सुरुवात केली. तो यायला तयार नव्हता. मान वळवून वळवून मागे बघत होता.

"याला काय मिळतं?" अंबरीषने विचारलं.

विभाने प्रश्न किताहारा-सानना सांगितला. त्या म्हणाल्या, "निन्जिन."

"गाजर," विभा म्हणाली.

"आणि तो चिडत नाही?"

"चिडतो. म्हणून तर फळी आहे."

मला ही पद्धत अत्यंत शास्त्रशुद्ध वाटली. जपानी माणसाने हजारो मैलांवर बसून, आमच्याशी काहीही पत्रव्यवहार न करता, हाच मार्ग शोधून काढावा याचं मला कौतुक वाटलं, आणि तसं मी विजयकुमाररावांना म्हणालोसुद्धा. विजयकुमारराव का कोण जाणे दूरच्या झाडांकडे बघू लागले. राधिका मात्र माझ्याकडे बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

जेवणानंतर विभा अंबरीषला कुरण दाखवायला घेऊन गेली. मी नियमाप्रमाणे मागोमाग निघालो, बोलणं ऐकू येईल पण ऐकत नाही असं वाटेल इतक्या अंतरावर.

"तुम्ही काय करता?" विभाने विचारलं.

"भाताचा कुकर."

"विकता?"

"नाही. त्याचा मेंदू लिहितो. म्हणजे पाणी कमीजास्त झालं तर त्यानं समजून घ्यावं असा."

"मग माझा कुकर तुम्ही लिहिलेला नाही. माझा काहीच समजून घेत नाही."

"कुठलं मॉडेल आहे?" त्याने इतक्या कळवळ्याने विचारलं की विभा हसली. नुसती हसली नाही, कुंपणाला टेकून हसली. मग तिने त्याला एका गाभण घोडीच्या पोटावर हात ठेवायला लावला. आत शिंगरू हललं असावं, कारण अंबरीषचा चेहरा एकदम बदलला आणि तो म्हणाला, "अरे! बघितलंस?" 'तुम्ही'वरून तो 'तू'वर केव्हा आला, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. तिनेही आक्षेप घेतला नाही.

मी विजयकुमाररावांना अंगठ्याने खूण केली. त्यांनी लगेच फोन काढला. आपली पिढी परदेशी फोन लावला की आवाज समुद्रापलीकडे स्वतःच्या बळावर पोचवते.

"हॅलो! हो, हो! आम्ही बघितलं! हसली, चांगली हसली! मन तयार आहे तिचं!" विजयकुमारराव पागेच्या पत्र्याखाली उभे राहून ओरडत होते, आणि पत्रा तो आवाज पठारभर वाटत होता. "नाही नाही, हा नुसता असाच एक मुलगा आणला होता! अहो, साधा आहे, काही प्रश्न नाही! तुम्ही सत्यजितला विमानात बसवा!"

अंबरीषने घोडीच्या पोटावरचा हात काढला. तो माझ्याजवळ आला.

"गुणवंतकाका, सत्यजित कोण?"

मी म्हणालो की ही प्रक्रियेतली एक अंतर्गत बाब आहे.

विभा तेव्हा वडिलांसमोर जाऊन उभी होती. "बाबा, हे काय चाललंय? तुम्ही याला कशासाठी आणलं होतं?"

"हळू बोल, पाहुणे आहेत," सुनीताताई म्हणाल्या.

"पाहुणा एकच आहे, आई. आणि त्याच्याशी तुम्ही हे असं वागलात?"

अंबरीषने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. मला वाटलं आता तो आरडाओरडा करेल, आणि त्यासाठी मी 'समाजकार्यात मानापमान नसतात' हे वाक्य तयार ठेवलं होतं. पण तो शांतपणे म्हणाला, "काका, तुम्ही माझ्या आईला फोन केला होतात. तिने तेव्हापासून गुरुवार धरलाय. तिला काय सांगू, तेवढं मला सांगा."

मी म्हणालो की आठवड्यातून एकदा लंघन प्रकृतीला चांगलंच असतं.

राधिका तिथून उठून निघून गेली. संध्याकाळच्या विमानाला अवकाश होता, पण अंबरीषला थांबायचं नव्हतं. विभाने पागेचा ट्रक काढला. त्याला विमानतळावर सोडते म्हणाली, आणि आमच्यापैकी कोणालाही बरोबर घेतलं नाही. ट्रकच्या पुढच्या सीटवर गवत पडलेलं होतं. त्याने नव्या जॅकेटने ते झाडलं आणि आत बसला.

परतल्यावर विभा आईवडिलांशी बोलली नाही. मात्र सत्यजितला भेटणार का, असं सुनीताताईंनी दाराआडून विचारल्यावर "येऊ दे. आता तर मला बघायचाच आहे," असं उत्तर आलं. आम्ही ते अनुकूल मानलं.

सत्यजित लगेच आला. सहा फूट उंची, सुरेख कोट, दात सगळे एका मापाचे. विजयकुमारराव त्याच्याभोवती ज्या आदराने फिरत होते, तो मी फक्त कुरोइवाभोवती फिरणाऱ्या माणसांत पाहिला होता. विभाने त्याला प्रयोगशाळेतच बसवलं, म्हणजे पागेला लागून असलेल्या एका खोलीत. तिथे एक फ्रीज, एक सूक्ष्मदर्शक आणि खुर्च्यांवर किताहारा-सानच्या सुनेने विणलेल्या गाद्या होत्या. आईवडील होते, मी होतो, किताहारा-सान चहा ओतत होत्या. सत्यजितची आई फोनच्या पडद्यावर उपस्थित होती. राधिकाही आली होती. पण ती दारातच उभी राहिली.

सुरुवातीचं बोलणं छान झालं. सत्यजितने घराबद्दल सांगितलं, गॅरेजबद्दल सांगितलं, गवत कापायच्या यंत्राबद्दल सांगितलं. विभाच्या संशोधनाबद्दल त्याने काही विचारलं नाही, कारण ते सोडायचंच होतं. मग त्याने घसा साफ केला.

"आय होप यू डोन्ट माइंड, पण आपण दोघंही मॅच्युअर आहोत. तुझं वय तीस. मग प्रॅक्टिकली बोलायचं तर... फॅमिली प्लॅनिंगच्या दृष्टीने एक हॉर्मोन टेस्ट असते. तिचा रिपोर्ट मिळाला तर आमच्याकडे सगळ्यांनाच कम्फर्टेबल वाटेल."

"हल्ली सगळेच करतात हो," पडद्यावरून आई म्हणाली.

सुनीताताईंनी विजयकुमाररावांकडे पाहिलं. विजयकुमाररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मागणी नियमात बसत होती.

"रास्त आहे," विभा म्हणाली. तिचा आवाज इतका सौम्य होता की मी निर्धास्त झालो. "मी रोज हेच काम करते. माझा रिपोर्ट उद्या देते. तुझा आत्ताच घेऊन टाकू."

"माझा? कसला?"

"इथे मोसमाआधी प्रत्येक घोड्याचा नमुना तपासतात. पाच मिनिटांचं काम. सूक्ष्मदर्शक लावलेलाच आहे."

खोलीतली माणसं एकदम आपापल्या पायांकडे बघू लागली. किताहारा-सानना मराठी येत नाही, पण सूक्ष्मदर्शकाकडे केलेला हात त्यांना कळला. त्या लगबगीने उठल्या, फडताळातून एक स्वच्छ निर्जंतुक बाटली काढली आणि जपानी रिवाजाप्रमाणे दोन्ही हातांत धरून, कमरेत वाकून, सत्यजितसमोर धरली.

सत्यजितने ती घेतली. (जपानमध्ये दोन्ही हातांनी दिलेली वस्तू नाकारता येत नाही, हे त्याने कुठेतरी वाचलं असावं.) मग आपण काय घेतलं हे त्याच्या लक्षात आलं.

"व्हॉट नॉन्सेन्स! पुरुषांना असं कोणी विचारतं का? पुरुषांचं तसं नसतं!"

"मागच्या वर्षीच्या घोड्याच्या मालकालाही असंच वाटत होतं," विभा म्हणाली. "शर्यतीतला विजेता होता. वजन एक टन, वंशावळ भिंतभर. कोणी तपासलं नाही. मोसम संपला आणि एकूण एक घोड्या रिकाम्या."

"मग त्याचं काय केलं?" सुनीताताईंनी सवयीने विचारलं.

प्रश्नाचा रोख ओळखून किताहारा-सान भिंतीवरच्या एका फोटोला नमस्कार करून एवढंच म्हणाल्या की गेला हिवाळा फार कडक होता.

फोनच्या पडद्यावर मोठा गोंधळ उडाला. "सत्या, निघ तिथून! आत्ताच्या आत्ता निघ!" सत्यजित निघाला. बाटली त्याने अंगणापर्यंत नेली, मग काय करावं ते न सुचून फळीवर ठेवली आणि टॅक्सीत बसला. दारात उभी असलेली राधिका इतकी हसत होती की तिला चौकटीला धरून खाली बसावं लागलं.

विजयकुमाररावांचा चेहरा बघवत नव्हता. "आयुष्यात एकदा येतं असं स्थळ," ते म्हणत होते. विभा त्यांच्याजवळ बसली. "बाबा, तुम्ही मला एकदा, फक्त एकदाच, विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं. मला लग्न नको असं नाहीये. मला फक्त बाजार नकोय." विजयकुमाररावांनी तिच्या हाताकडे बघितलं आणि मग बराच वेळ आपल्या हाताकडे. त्यांचे डोळे भरून आले होते. अशा प्रसंगी काय करायचं याबद्दल घटनेत कलम नसल्यामुळे मी बाहेर गेलो.

निशी-कसाईच्या सभेत मी संपूर्ण अहवाल सादर केला. यापुढे स्थळ दाखवताना प्रयोगशाळा, पागा व तत्सम जागा टाळाव्यात, असा ठराव एकमताने मंजूर झाला. सत्यजितला जो मनस्ताप झाला त्याबद्दल खेदही व्यक्त करण्यात आला. अंबरीषबद्दल खेद व्यक्त करावा अशी सूचना खालून, जिन्यातून आली. राधिकेला सभासदत्व नसल्याने ती विचारात घेता आली नाही.

पण माणूस म्हणून मलाही काही वाटतं. शिवाय सत्यजित गेला होता आणि मुलगी रिकामी होती. म्हणून मी विजयकुमाररावांना सुचवलं की आता अंबरीषलाच हो म्हणून टाकू. ते आधी नको म्हणाले, त्यांना त्याच्यासमोर जायची लाज वाटत होती. अखेर आम्ही पेढे घेऊन एका रविवारी कावासाकीला गेलो. अंबरीष नुकत्याच आलेल्या एका कुटुंबाला कागद आणि प्लास्टिक वेगळं कसं बांधायचं ते दाखवत होता. आम्हाला बघून त्याने हात धुतले, चहा टाकला.

"अंबरीष," विजयकुमारराव उभे राहूनच म्हणाले, "माझं चुकलं. तुम्हाला मी जी वागणूक दिली ती मी कोणाकडून सहन केली नसती."

"बसा काका. चहात साखर घेता ना?"

मी वेळ न दवडता मुद्द्यावर आलो. मुलीकडच्यांचा होकार आहे, म्हणालो, आता तुमचा कळवा.

"माझं उत्तर मी विभाला दिलंय," अंबरीष म्हणाला. "तिने विचारलं तेव्हाच."

"तिने विचारलं?" मी म्हणालो. "अहो, मुलगी कशी विचारेल?"

"विचारलंय. विमानतळावर सोडायला आली होती तेव्हाच."

विजयकुमाररावांचा कप बशीवर वाजला. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"ते आमच्या दोघांत आहे, काका," तो म्हणाला. स्वर नेहमीसारखाच मऊ होता, पण त्या दारातून आत जायला जागा नव्हती. विजयकुमाररावांनी पेढ्याचा पुडा उघडला आणि कसलाही निकाल हाती नसताना त्याला एक पेढा भरवला. माझ्या मते ही सरळसरळ अनियमितता होती.

त्यानंतर तो वरचेवर तोकाचीला जातो. मोसम संपल्यावर ती सेंदाईहून कावासाकीला येते. साखरपुडा नाही, याद्या नाहीत, मुहूर्त नाही. चिंचवडच्या माउलीशी विभा परस्पर फोनवर बोलते, आणि त्यांनी गुरुवार सोडल्याचं ऐकतो. लग्न करणार आहेत का, केव्हा करणार आहेत, समितीला कोणी काही कळवत नाही. आमच्या दप्तरी हे प्रकरण 'प्रलंबित' आहे, आणि ते तसंच राहणार असं दिसतं. राधिका म्हणते, दोन माणसं आनंदात असणं याला प्रलंबित म्हणत नाहीत. तिला कार्यालयीन भाषा येत नाही.

इथवर वाचून आपण विजयकुमाररावांवर, सत्यजितवर आणि बहुधा माझ्यावरही पोटभर हसला असाल. हसा. पण या सबंध हकिकतीत मी विभाचं आणि अंबरीषचं आडनाव कुठेही दिलेलं नाही, हे आपल्या केव्हाच लक्षात आलं असेल. 'चिंचवड' वाचताना आपण एक अंदाज बांधला, 'गुरुवार' वाचताना तो थोडा बदलला, आणि हे दोघं एकमेकांत बसतात की नाही याचा हिशेब मनात अजून चालूच आहे. समितीला अशाच जाणकार माणसांची गरज असते. अर्ज करण्याची आवश्यकता नाही. आपलं नाव आमच्या सभासदांत पहिल्यापासूनच आहे.